मिस लोलक, पान एकतीस

तिचं नाव मिस लोलक.
'कॅप्टन कोयना'च्या बेचाळीस अंकांत
ती फक्त पाच वेळा आली,
तीही डॉ. विंचू रजेवर असला की.
सांगलीत, खणभागातल्या प्रेसच्या मागच्या खोलीत
मी तिला रंगवायचे. पानाला दीड रुपया.

गोष्ट जंगम मास्तर लिहायचे,
चित्रं बागणीचा इलाही शिकलगार काढायचा.
बायका काढताना त्याचा हात लाजायचा,
म्हणून सगळ्यांना एकच नाक.
मिस लोलककडे ना विमान, ना विषारी अंगठी.
काळा मुखवटा, पाठीला झोळी, आणि उंच टाचा,
त्या घालून ती आयर्विन पुलाच्या कठड्यावरून पळायची.
तोल जायचा नाही.
तेवढीच तिची शक्ती.

चोरी पान सातवर, ठरलेली.
मास्तर लिहायचे नुसतं 'मौल्यवान दागिना'.
इलाही विचारायचा, "कसला काढू गं?
आमच्याकडं बघायला तरी कुठं मिळतोय."
मी सांगायचे.
बोरमाळ, दुपदरी, एक मणी चेपलेला,
लहानपणी मीच चावला होता तो.
मग वज्रटीक, लाल मखमलीवर शिवलेली.
मग चिंचपेटी. मग साज,
त्यातल्या माशाचा डोळा गळालेला.

अण्णा मिरजेत होते, छातीच्या वॉर्डात, खाट बावीस.
आई पदराखाली डबी घेऊन
सराफकट्ट्यावर जायची, रिकामी डबी घेऊन यायची.
त्यानंतर साधारण महिन्याभरात
मिस लोलक तो दागिना चोरायची.
कुठल्या पेढीतून, ते मास्तरांना माहीत नव्हतं.
तिजोरीवरची पाटी मी मुद्दाम पुसट ठेवायचे.

सोन्याला पिवळ्यात चिमूटभर लाल लागतो.
एकदा पिवळा संपला. मालक म्हणाले,
"सांगलीत राहून पिवळ्याला काय तोटा?"
मग मी खरंच हळद कालवली डिंकात.
छापायला जाईतो ऊन लागून
साजाची चांदी झाली.
आमची नाही.

पान एकतीस: ढिश्शूम! कॅप्टन कोयना.
तिच्या हातांत बेड्या.
पान बत्तीस: "घ्या शेठजी, तुमची ठेव!"
शेठजी हसतात. ढेरी हलते, बाजूला तीन रेघा.
चारदा मी ती ढेरी रंगवली,
धोतरासकट.

पाचव्या वेळी बुगड्या होत्या.
आईच्या कानांची वरची भोकं मोकळी,
बुजू नयेत म्हणून तिनं कडुलिंबाच्या काड्या घातलेल्या.
स्वयंपाक करताना त्या हलायच्या.
मी इलाहीला काही बोलले नाही.
रात्री, बत्तिसाव्या पानावर,
शेठजीच्या तबकातली एक बुगडी रंगवली,
दुसरीवर पांढरा फिरवला,
पातळ, दोन हात.

कुणाला कळलं नाही. मास्तरांना नाही,
कॅप्टन कोयनाला तर मुळीच नाही.
एक पोस्टकार्ड आलं पलूसहून,
बिरू गलांडे, इयत्ता पाचवी, तुकडी ब:
"संपादक काका, सा. न.
पान सातवर बुगड्या दोन हायत, पान बत्तीसवर एकच.
दुसरी कुठाय?
खरं सांगा."
मालक हसले. म्हणाले, लिही, उत्तर पुढील अंकात.

पुढचा अंक निघाला नाही.
मालकांना लग्नपत्रिका परवडायला लागल्या.
इलाही कुपवाडला गेला,
ट्रकच्या फाळक्यांवर मोर काढायचा,
मोरांनाही तेच नाक.
अण्णा घरी आले, सहा वर्षं जगले.
आईनं काड्या कधी काढल्या, मी बघितलं नाही.

बिरू, तू आता पन्नाशीला आला असशील.
तुझं कार्ड माझ्याकडे आहे, कोपरा वाळवीनं खाल्लेला.
तुझ्याकडे तो अंक असेल तर
पान एकतीस काढ. खालची चौकट.
बेड्या सोड, बेड्या सगळेच बघतात.
तिचा डावा हात बघ.
इलाहीनं तो उघडा काढला होता, पाची बोटं पसरलेली.
मी रंग देता देता
मूठ मिटली.